गलाईला पाठवू, की गावात दुकान टाकू देऊ?

आलेलं पत्र, थोडक्यात: "मुलगा २६ वर्षांचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन. पाच वर्षं चाकणला कंत्राटावर आहे. हातात १७-१८ हजार पडतात, खोलीभाडं आणि मेस जाऊन काही उरत नाही. आता म्हणतो, गावात येऊन मोटार वायंडिंगचं, म्हणजे पाण्याच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं, दुकान टाकतो. माझा मेहुणा तमिळनाडूत गलाईत, म्हणजे सोनं-चांदी आटवायच्या धंद्यात आहे, तो न्यायला तयार आहे. गावात धंदा टाकला की भावकीच उधारीनं बुडवते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय लग्नाचं बघतोय. दुकानदाराला पोरगी कोण देणार? काय करावं?" (एक पालक, ता. खानापूर, जि. सांगली)

नमस्कार दादा,

गाव धंदेवाल्याला उभं राहू देत नाही असं तुम्ही लिहिलंत, आणि त्याच पत्रात मेहुण्याचंही लिहिलंत. मेहुण्याला कुणी उभं केलं?

खानापूर-आटपाडीत पाऊस नव्हता, म्हणून तुमच्या भागातली पोरं मोडीचं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर गेली. एकटं कुणी गेलं नाही. आधी गेलेल्यानं गावचा, नाहीतर पाहुण्यातला पोरगा नेला, भट्टीपुढं बसवला, मुशीत टाकणखार कधी आणि किती टाकायचा ते शिकवलं, जेवूखाऊ घातलं. काही वर्षांनी दुसऱ्या एखाद्या शहरात त्याला वेगळं दुकान थाटून दिलं. पैसा भिशीचा, नाहीतर पाहुण्यांचा हातउसना. परमुलखातला सराफ अनोळखी पोराच्या हातात सोनं द्यायचा, तो "अमक्याचा माणूस" एवढ्या शब्दावर. म्हणजे हुन्नर शिकवायचा, भांडवल जमवायचं आणि नावाची हमी द्यायची, हे तिन्ही तुमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या येतं. फक्त ते गावाबाहेर जाणाऱ्यासाठी करतात.

गावातच दुकान टाकणाऱ्याला काय मिळतं? उद्घाटनाला नारळ आणि हार, ग्रुपवर अभिनंदनाचे फोटो, आणि दुसऱ्या दिवसापासून "लिहून ठेव रं".

उधारीचं तुमचं म्हणणं खोटं नाही. माझ्या मावसभावानं किराणा दुकान बंद केलं तेव्हा त्याची वही मी चाळली होती. सगळ्यात मोठी बाकी सख्ख्या चुलत्याची होती. चुलता लबाड नव्हता, उसाचं बिल आलं की देणार होता. पण घाऊक व्यापारी उसाच्या बिलापर्यंत थांबत नाही.

आता तुमच्या मुलाचं. त्याचा धंदा चुकीचा नाही. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून तुमच्याकडं द्राक्ष, डाळिंब, ऊस वाढला आणि मोटारीही वाढल्या. मोटार जळते ती नेमकी भर उन्हाळ्यात. रात्रीची लाईट, व्होल्टेज कमी, एक फेज जातो, अशा वेळी मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर कधीचा बायपास करून ठेवलेला. सकाळी माणूस मोटार पिकअपमध्ये घालून विट्याला नेतो. तिथं आधीच रांग असते. चार दिवस बाग वाळते. वायंडिंगच्या मजुरीपेक्षा या चार दिवसांचं नुकसान मोठं.

म्हणून मुलाला सांगा, दुकानात दोन-तीन चालू मोटारी बदलीला ठेव. आपली दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाईक ती नेईल. या मोटारी त्यानं विकत घ्यायची गरज नाही. बोअर आटलेल्यांच्या, पाइपलाइन आल्यानं विहीर सोडलेल्यांच्या मोटारी गोठ्यात गंजत पडल्यात. गावानं त्या द्याव्यात, त्यानं भरून चालू कराव्यात. सत्कारापेक्षा ही मदत मोठी.

तरी लगेच राजीनामा नको. कंपनीत तो पॅनलवर काम करतो की मोटारी भरतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आयटीआयत शिकलेलं वायंडिंग पाच वर्षांत हातातून गेलेलं असतं. पाण्याबाहेर बसणाऱ्या मोनोब्लॉक मोटारीला एनॅमलची तार आणि वार्निश. पाण्यात बुडवायच्या सबमर्सिबलचं काम वेगळं, तिथं वेष्टणाची तार लागते, कारण आत पाणीच असतं. जॉइंट जरा कच्चा राहिला की महिन्यात मोटार परत, आणि गावात बातमी मोटारीच्या आधी पोचते. जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या वायंडरकडं सहा महिने पडेल त्या पगारावर बसू दे. मेहुण्याचा मेहुणा कुणीतरी ओळखीचा निघेलच. गलाईला पाठवताना जी ओळख काढली असती ती इथं काढा. सौर पंपाचा कंट्रोलरही शिकू दे. सरकारी योजनेतल्या सौर पंपांची पहिली पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडं असते. ती मुदत सरली की माणूस जवळचंच दुकान शोधणार.

मग उधारीचा बंदोबस्त. "आज रोख, उद्या उधार" ही पाटी तुमच्या गावात चालणार नाही, कारण शेतकऱ्याच्या हातात पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो. त्यापेक्षा तुम्ही स्वतः दहा-बारा घरं फिरा. द्राक्षाचे किंवा उसाचे पैसे झाले की प्रत्येकानं हजार-दोन हजार रुपये आगाऊ द्यायचे, वर्षभर त्यातून वळते होतील, आणि आगाऊ भरलेल्याची मोटार रांगेत आधी. तांब्याची तार रोखीनं घ्यावी लागते, तिचं भांडवल इथून उभं राहील. गावात पाणी वापर संस्था असेल तर तिच्या मोटारींच्या देखभालीचं वर्षाचं काम मागा. ग्रामपंचायतीचा गाळा रिकामा असेल तर त्यासाठी रीतसर अर्ज करा. आणि तुमच्या घरातली मोटार भरून घ्याल तेव्हा तिचेही पैसे त्याला रोख द्या. भावकी तुमच्याकडं बघून वागेल.

कर्जाचं थोडक्यात. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं शिशु कर्ज तारणाशिवाय मिळतं. मोठा बेत असेल तर जिल्हा उद्योग केंद्राचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे: ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान, महिला आणि राखीव प्रवर्गाला ३५ टक्के, स्वतःचे अनुक्रमे १० आणि ५ टक्के. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट असते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. पण अनुदान डोळ्यांपुढं ठेवून दुकानाचा आकार ठरवू नका. पहिलं वर्ष एक गाळा, एक बाक, चांगलं टेस्टिंगचं सामान, एवढं पुरे.

लग्नाचं मी काय सांगू? "कंपनीत आहे" हे बायोडाटात बरं दिसतं, खरं आहे. पण कंत्राट कधी संपेल हे मुलीचे वडील विचारतातच. गलाईतला मुलगाही त्यांना चालतो, आणि त्याचंही शेवटी दुकानच असतं.

गलाईला नाही म्हणत नाही मी. मेहुण्याला सहा महिने थांबायला सांगा, तो दरवाजा बंद होत नाही.

तोवर मुलानं एक काम करावं. येत्या चार सुट्ट्यांना गावी आला की वही घेऊन तुमचं गाव आणि आजूबाजूच्या वाड्या फिराव्यात. घरटी मोटारी किती, किती एचपीच्या, गेल्या वर्षी किती जळल्या, कुठं नेल्या, किती दिवस लागले, किती पैसे पडले. शेवटच्या रकान्यात, आगाऊ पैसे द्यायला कोण तयार आहे त्याचं नाव. तो रकाना तुम्ही भरायचा, त्याच्याकडून होणार नाही. गावात शब्द तुमचा आहे. त्यात आठ-दहा नावंही आली नाहीत, तर मेहुण्याला फोन करा. आली, तर वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा. तार किती आणायची आणि गाळा केवढा घ्यायचा याचा हिशेब आपण तिघं मिळून करू.