मॅकवरचा व्हिडिओ प्रोजेक्ट विंडोजवर नेताना

प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त तो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता असतो. बाहेरच्या डिस्कवरच्या फाइलचा पत्ता मॅकवर '/व्हॉल्यूम्स'पासून सुरू होतो, विंडोजवर ड्राइव्हच्या अक्षरापासून. म्हणून नुसती प्रोजेक्ट फाइल नेली की सगळं 'मीडिया ऑफलाइन', म्हणजे फाइल सापडत नाही असं दिसतं. फुटेज, ऑडिओ, ग्राफिक्स, फॉन्ट सगळं एकाच मुख्य फोल्डरमध्ये ठेवा, आतली रचना हलवू नका. मग एक क्लिप रीलिंक केली, म्हणजे तिचा नवा पत्ता दाखवला, की बाकीच्या बहुधा आपोआप सापडतात. दा विंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर सरळ प्रोजेक्ट आर्काइव्ह करा, त्यात प्रोजेक्ट आणि मीडिया एकत्र जातात.

ने-आण करायची डिस्क एक्सफॅटमध्ये (मॅक आणि विंडोज दोन्हीवर लिहिता येणारा डिस्क फॉरमॅट) फॉरमॅट करा, पण आधी बॅकअप घ्या, फॉरमॅटने सगळं पुसलं जातं. एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटवर मॅक मुळात फक्त वाचतो, लिहीत नाही. फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये ४ जीबीची फाइल मावत नाही. एक्सफॅटला जर्नलिंग (अर्धवट राहिलेले बदल सावरणारी नोंद) नाही, त्यामुळे इजेक्ट न करता केबल कधीच ओढू नका.

फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, विसर्गचिन्हासारखा कोलन, तारांकन नको. विंडोज ती नावं स्वीकारत नाही. लिनक्सवर लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात, तेही सांभाळा.

प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडलेले जादा इफेक्ट वगैरे) मात्र सोबत जात नाहीत. दुसऱ्या मशीनवर तीच आवृत्ती वेगळी इन्स्टॉल करावी लागते. आणि फायनल कट हे ॲपलचं एडिटिंग सॉफ्टवेअर विंडोजवर चालत नाही, तिथून एक्सएमएल (दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येणारी टाइमलाइनची फाइल) काढावं लागेल. त्यात कट टिकतात, इफेक्ट बरेचदा गळतात.