जर्मन येत नाही, की बोलायची पाळीच येत नाही?

"आक्का, मी मूळची तासगावची. इकडे येण्याआधी सांगलीत हायस्कूलला मराठी शिकवायचे. स्नेहसंमेलनाची गाणी मीच बसवायचे, वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून जायचे. गेली तीन वर्षं आम्ही स्टुटगार्टला आहोत. ह्यांचं ऑफिस इंग्रजीत चालतं, तरी ह्यांना कामापुरतं जर्मन येतं. मी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनची पहिली पायरी, ए-१, करून आले होते. इथं ए-२चा वर्ग अर्ध्यात सुटला. बेकरीत तोंड उघडलं की समोरची बाई लगेच इंग्रजीत सुरू होते. पालकसभेत मी नुसती मान हलवते. हे फार सांभाळून घेतात. डॉक्टरचा फोन, घरमालक, बालवाडी, सगळं हेच बघतात. पण परवा बालवाडीतल्या बाईंशी बोलायला गेले, तर माझी पाच वर्षांची पोरगी म्हणाली, 'आई, तू नको बोलूस, बाबांना बोलू दे.' रात्रभर रडले. सासूबाई फोनवर विचारतात, 'अजून येईना होय?' शेजारीण म्हणते, घरात मुलीशी जर्मनच बोला, दोघींचं सुधारेल. तसं करू का? की पोरीला घेऊन वर्षभर तासगावला येऊ? मराठीची बाई इथं मुकी झालीय." – अबोली

अबोली,

आधी जावईबापूंबद्दल बोलते, कारण पत्रात त्यांचं कौतुक वाचलं तिथंच मी अडले. माणूस गुणी आहे, वादच नाही. पण तीन वर्षांत डॉक्टरचा फोन त्यांनी केला, घरमालकाशी ते बोलले, बालवाडीत तेच बोलले. मग तुझ्या तोंडी जर्मन यायचं कुठून? वर्गात शिकलेलं वाक्य बाहेर कुठं तरी खर्ची पडावं लागतं. तुझ्याकडे तसा प्रसंगच येत नाही, कारण तो तुझ्यापर्यंत पोचायच्या आत नवरा निस्तरून मोकळा होतो. तुला भाषेचं अंग नाही असं मी मुळीच मानत नाही. जिनं शाळेतल्या पोरांना व्याकरण शिकवलं, तिला भाषेची भीती कसली?

आपल्याच जिल्ह्यातलं बघ. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पसरली. दुष्काळी भाग, शेतीत पोट भरेना, म्हणून घरं सोडली. माझी एक चुलत नणंद लग्न होऊन अशीच कोइमतूरला गेली. शिक्षण जेमतेम सातवी. नवरा सकाळी भट्टीवर जायचा तो रात्री घरी. भाजीवाली दारात, पाणी भरायला शेजारणी, पोरांच्या शाळेत मास्तर, आणि ह्या सगळ्यांशी बोलायला घरात हिच्याशिवाय दुसरं कुणी नाही. दोन-तीन वर्षांत ती तमिळमध्ये भांडायला लागली. शुद्ध तमिळ नव्हे, भांडणापुरतं. तिची पोरंही तिला दुरुस्त करायची, हसायची. ती म्हणायची, "हसा, पण भाजी मीच आणलीय."

तिच्यात आणि तुझ्यात फरक इतकाच, की तिला लपायला इंग्रजी नव्हतं आणि तिच्या वतीनं बोलणारा दिवसभर घरात नव्हता. तुला दोन्ही आहे. सोय झाली खरी, पण सोयीनंच घोटाळा केला.

तेव्हा जावईबापूंना बसवून सांग, की कागदपत्रं तुम्ही बघा, तोंडी कामं मी करणार. जर्मनीत सरकारी कचेऱ्यांपासून विमा कंपनीपर्यंत सगळे पत्रं पाठवतात म्हणे. ती भाषा तिथल्या लोकांनाही जड जाते, त्यात तू सध्या पडू नकोस. फोनही लगेच नको. फोनवर समोरच्याचा चेहरा नसतो, ओठ दिसत नाहीत, हातवारे नाहीत. नव्या भाषेत ते सगळ्यात अवघड. तातडीचे नंबर तेवढे पाठ कर: रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२, दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७. नवरा परगावी असताना ते तुलाच लावावे लागतील.

सुरुवात बालवाडीच्या दारातून कर. पोरीला आणायला रोज जातेसच. बाईंना रोज एकच प्रश्न विचारायचा: आज ती नीट जेवली का? ह्या प्रश्नाची उत्तरं किती असणार? जेवली, नाही जेवली, थोडंसं खाल्लं, भाजी टाकली. आठवडाभरात ती सगळी तुझ्या कानावरून जातील. मग दुसरा प्रश्न घे, आज कुणाशी खेळली? ज्या प्रश्नाची उत्तरं आधीच निम्मी माहीत असतात, तिथं कान लवकर तयार होतो. पालकसभेत वीसेक पालक एकदम बोलतात, विषय बदलत राहतात. तिथं तुला समजलं नाही म्हणून स्वतःला मोडीत काढू नकोस. त्या सभा बहुधा संध्याकाळी असतात, मुलांना नेत नाहीत. पुढच्या सभेला तू एकटी जा, पोरीला झोपवायचं काम बापाकडे. एक प्रश्न लिहून ने आणि तेवढा विचारून ये.

बेकरीतली बाई इंग्रजीत वळते ती तुझा अपमान करायला नाही. मागं रांग असते, तिला गिऱ्हाईक लवकर उरकायचं असतं. तू म्हण, "इश लेर्ने डॉइच, बिटे लांगझाम." मी जर्मन शिकतेय, जरा सावकाश. आणि पुन्हा जर्मनमध्येच माग. सकाळच्या घाईत जाऊ नको, दुपारी जा.

आणखी एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. स्टुटगार्टच्या बाजूला बोलतात ती श्वेबिश बोली, पुण्याच्या वर्गात शिकलीस ती प्रमाण जर्मन. पुस्तकातून मराठी शिकून आलेल्या माणसाला आपल्या मार्केट यार्डात कुणी "कुठं निघालाईस?" म्हणून विचारलं तर तो बिचारा काय समजणार? तुझं तसंच झालंय. अर्धा दोष कानाचा नाही, बोलीचा आहे. व्याकरणाचं म्हणशील तर तीन लिंगं तुला जन्मापासून अंगवळणी आहेत. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं, त्यानंही तू बिचकायचं कारण नाही. इंग्रजीतून जर्मनकडे जाऊ नकोस एवढंच, थेट मराठीतून जा.

ए-२ अर्ध्यात सुटल्याचं फार मनाला लावून घेतलंयस. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात, ए-१ ते सी-२. बाहेरून आलेल्यांसाठी जर्मन सरकारचा एकात्मता अभ्यासक्रम असतो, त्यात भाषेसाठी ६०० तासिका धरतात, शिवाय १०० तासिका तिथल्या कायद्याच्या नि इतिहासाच्या. एवढं झाल्यावर माणूस बी-१ला पोचावा अशी अपेक्षा असते. आणि नागरिकत्वासाठीसुद्धा बी-१ पुरते. वक्तृत्व स्पर्धेतलं बक्षीस कुणी मागत नाही. तू मात्र स्वतःकडे परीक्षकाच्या खुर्चीत बसून बघतेस. चूक होईल म्हणून वाक्यच बाहेर काढत नाहीस. मराठीच्या बाईंचा हा रोग मी ओळखते. आमच्या घरात दोन शिक्षिका आहेत!

वर्ग पुन्हा लाव. फोल्क्सहोखशूल म्हणून प्रौढांसाठीच्या शिक्षणसंस्था गावोगाव आहेत, तिथं चौकशी कर. पण त्यासोबत एखाद्या गायनमंडळात जा. तिथं अगदी लहान गावातही चर्चचं किंवा हौशी लोकांचं गायनमंडळ असतं. तुला सूर आहे. शब्द कागदावर लिहिलेले असतात, एकच ओळ पुनःपुन्हा म्हटली जाते, आणि वीस गळ्यांत तुझा उच्चार चुकला तर कुणी वळून बघत नाही. चहाच्या सुट्टीत आपसूक दोन वाक्यं होतात. पालकसभेपेक्षा हे शंभर पटींनी सोपं. शनिवार-रविवारी मराठी मंडळात जात असशील तर ते चालू ठेव. आपली माणसं तोडून भाषा येते असं मला वाटत नाही.

आता पोरीचं. ते वाक्य लागणारच, मलाही वाचताना लागलं. पण पाच वर्षांच्या मुलीला आईची लाज वाटते असं एवढ्यात समजू नको. तिनं बघितलंय काय? बाबा बोलले की काम होतं आणि आपण घरी जातो. आई बोलली की सगळे थांबतात, आई लाल होते. तिला आईला सोडवायचं असेल. रागावू नको. पुढच्या वेळी तिचा हात धरून म्हण, "मी बोलणार आहे, तू थांब जरा." तू अडखळत का होईना बोललेलं तिला दिसू दे. मात्र तिला दुभाषी करू नकोस, दवाखान्यात तर नाहीच. लेकराच्या डोक्यावर मोठ्यांची कामं ठेवायची नसतात.

शेजारणीचा सल्ला सोडून दे. पोरीला जर्मन बालवाडीत मिळतंय, पुढं शाळेत मिळेल, तुझ्याकडून ते तुटकं कशाला? तुझ्याकडून तिला मराठी मिळू दे. तिथं तू नंबर एक आहेस. रागावणं, लाड, गोष्ट, अंगाई, सगळं मराठीत. ज्या आईला घरात मनासारखं बोलता येतं, तिला बाहेर अडखळायचं धाडसही लवकर येतं.

सासूबाईंना सांग, "येतंय की, सावकाश." त्यापुढं काही सांगू नको.

तासगावला वर्षभर येण्याबद्दल. भाषेपासून पळायला म्हणून येऊ नकोस, परत गेल्यावर ती तिथंच उभी असेल. शिवाय वर्षभर बाहेर राहिलं तर राहण्याच्या परवान्यालाही अडचण येऊ शकते, आधी विचारून घ्यावं लागेल. पण आईबापांची आठवण येते म्हणून यायचं असेल तर जरूर ये. पोरगी शाळेत जायला लागली की सुट्टीबाहेर नेता येणार नाही, तिकडं त्याबाबतीत फार कडक असतात. तुमच्याकडं उन्हाळी सुट्टी जुलैअखेरीपासून साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. ज्या वर्षी गणपती लवकर येतील त्या वर्षीचं तिकीट काढ. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तासगावच्या गणपतीचा रथोत्सव आहेच, पोरीला रथाची दोरी धरू दे.

– आक्का