उमरेडहून नागपूरला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला यावं का? मुली लग्नानंतर सोडूनच देतात, असं घरचे म्हणतात.

ये. मी नागपुरातच शिकले, सोळा वर्षांपूर्वी सॉफ्टवेअरमध्ये लागले, मधली दोन वर्षं घरी होते. त्या दोन वर्षांमुळेच हे लिहितेय.

आधी खर्चाचं, कारण बाबा तेच विचारतील. 2024 पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला 50 हजारांची आहे, तिचेही नियम बघून ठेव.

आता जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते. आमच्या घरी कॉम्प्युटर दादाच्या खोलीत होता आणि कूलरही तिथेच. मे महिन्यात पारा 45 वर गेला की मी दादा झोपायची वाट बघायची, मग सी प्लस प्लसचे प्रोग्राम टाइप करायची. कॉलेजची लॅब पाचला बंद. वर्गातली मुलं रात्री एकमेकांच्या रूमवर बसून कोडिंग करायची, आम्हा मुलींना होस्टेलवर सातच्या आत परतावं लागे. चार वर्षांत हा फरक केवढा साचतो! आणि शेवटी लोक म्हणतात, मुलींना लॉजिक जमत नाही. म्हणून स्वतःचा लॅपटॉप घे, सेकंड हँड चालेल, पण तुझा एकटीचा.

नोकरी लागेल. परसोडीचा आयटी पार्क आहे, विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत. गाडी अडते ती सात-आठ वर्षांनी. मला मुलगी झाली, कायद्याप्रमाणे 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. परत आले तर मी उभं केलेलं मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचा माझा भाग, दुसऱ्याकडे गेलेलं, आणि माझ्या हाती टेस्टिंगच्या एक्सेल शीट. "तुला ताण नको म्हणून," असं मॅनेजर म्हणाला, आणि तो मनापासून म्हणत होता. 50 किंवा अधिक कर्मचारी असले की पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. आमच्याकडे ती कागदावरच होती. वर्षभर कोडला हात लागला नाही, मग मी राजीनामा दिला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, बाळासाठी सोडली.

दुपारी लेक झोपली की मी ओपन सोर्स प्रकल्पांतले, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमधले, छोटे बग (चुका) सोडवायची. पुढच्या मुलाखतीत तेच दाखवलं आणि गॅपबद्दल फारसं कोणी विचारलंच नाही. तू शिकतानाच हे सुरू कर. आउटरीची या कार्यक्रमात अशाच ओपन सोर्स प्रकल्पांवर तीन महिन्यांची पगारी इंटर्नशिप घरून करता येते.

आणि कुठेही मुलाखतीला गेलीस की विचार, रजेवरून परतलेल्या बाईला इथे कोणतं काम देता? आता मी स्वतः मुलाखती घेते. हा प्रश्न आजवर मला एकाच मुलीने विचारला. ती सध्या माझ्याच टीममध्ये आहे, बॅकएंड, म्हणजे पडद्यामागचा सर्व्हरचा कोड, सांभाळते.