आर-वाला प्लग काढला की करंट वाढतो का? जरा सविस्तर सांगतो

प्रश्न थोडक्यात असा, की २०२१ ची १५० सीसी एफआय (फ्युएल इंजेक्शनवाली) गाडी, सर्व्हिसिंगला फिटरने कंपनीचा रेझिस्टरवाला, म्हणजे आर-वाला, स्पार्क प्लग काढून साधा बिनरेझिस्टरचा टाकला आणि वर म्हणाला की "आत पाच हजार ओहम अडवून बसलेत, करंट येणार कुठून". सुरुवातीला पिकअप मस्त वाटला, आता डिजिटल मीटर मधेच फडफडतो, चेक लाइट लागते-विझते, आणि एकदा सिग्नलला गाडी आपोआप बंद पडली.

दादा, आधी तो प्लग काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या कोडचा टाका. मग निवांत पुढचं वाचा.

पाच हजार ओहम हा आकडा ऐकायला भयंकर वाटतो कारण आपल्या डोक्यात १२ व्होल्टची बॅटरी आणि हेडलाइटचा बल्ब असतो. हेडलाइटच्या वायरीत पाच हजार ओहम टाकले तर बल्ब पेटणारच नाही, बरोबर आहे. पण प्लगचं गणित वेगळं. ठिणगी पडायच्या आधी गॅपमधून (प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधली फट) करंट वाहतच नसतो, नुसता दाब चढत असतो, आणि करंटच नाही म्हटल्यावर रेझिस्टरमध्ये व्होल्टेज पडणार कुठून? इग्निशन कॉइलने (बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारी) १२-१५ हजार व्होल्ट चढवले तर जवळजवळ तेवढेच्या तेवढे गॅपवर पोचतात, रेझिस्टर असो नसो. ठिणगी पडल्यावर करंट सुरू होतो, तो साध्या इंडक्टिव्ह कॉइलमध्ये साधारण ५० मिलिअँपच्या आसपास. म्हणजे ०.०५ गुणिले ५००० = २५० व्होल्ट. एवढाच काय तो ड्रॉप. ठिणगीची थोडी एनर्जी रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते हे खरं आहे, पण डिझायनरने कॉइल निवडताना ती धरलेली असते, आणि कित्येक जपानी गाड्यांमध्ये तर आर-वाला प्लग आणि वर पाच किलोओहमची (पाच हजार ओहम) कॅप, म्हणजे प्लगच्या डोक्यावर बसणारी टोपी, असं दोन्ही फॅक्टरीतूनच येतं आणि त्या गाड्या वर्षानुवर्षं हाफ किकमध्ये सुरू होतात.

मग पिकअप वाढल्यासारखा का वाटला? नवीन प्लग होता म्हणून! जुन्याचा गॅप वाढलेला असणार, कडा गोल झालेल्या असणार, कोऱ्या प्लगच्या धारदार कडेवरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. आर-वाला कोरा टाकला असता तरी तेच वाटलं असतं. फिटर लोकांचा हा गैरसमज इथूनच आलाय, ते जुना आर-वाला काढतात आणि नवा बिनआर-चा टाकतात, आणि श्रेय "आर" काढल्याला देतात.

आता तो रेझिस्टर असतो कशाला. ठिणगी पडते त्या क्षणी एचटी वायर (कॉइलपासून प्लगपर्यंतची जाड वायर) आणि प्लगमध्ये साठलेला चार्ज एका झटक्यात गॅपमधून रिकामा होतो. वेळ अगदी नॅनोसेकंदांचा, पण त्या क्षणाचा करंट मिलिअँप नाही, कित्येक अँपमध्ये जातो. असा झटका म्हणजे एक छोटा रेडिओ ट्रान्समीटरच, आणि एचटी वायर त्याची अँटेना. पूर्वी जवळून बुलेट गेली की घरातल्या मीडियम वेव्हच्या रेडिओवर टर्रर्र यायचं ना, ते हेच. रेझिस्टर तो झटका दाबतो. आणि तो गॅपच्या जितका जवळ तितका चांगला, कारण कॅपमधला रेझिस्टर वायरीतला चार्ज अडवतो पण खुद्द प्लगच्या पोटात साठलेला चार्ज त्याच्या खालीच असतो, त्याला कॅप काही करू शकत नाही. म्हणून "कॅपमध्ये आहेच की, प्लगमध्ये कशाला हवा" हे एफआय गाडीला लावू नका.

तुमच्या गाडीत क्रँकजवळ पिकअप कॉइल आहे (क्रँक कुठवर फिरला ते सांगणारा सेन्सर), तिचा सिग्नल कमी आरपीएमला खूपच बारीक असतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या सिग्नलवरून ठरवते पिस्टन कुठे आहे, पेट्रोल कधी मारायचं, स्पार्क कधी द्यायचा. त्यात प्लगचा गोंगाट मिसळला की ईसीयूला एक जास्तीचा पल्स दिसतो किंवा खरा पल्स हरवतो, मग चेक लाइट, मीटरची फडफड, आयडलला बंद पडणं. लक्षणं अगदी तुम्ही लिहिलीत तशी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक गाड्या एफआय झाल्या, एबीएसचे सेन्सर आले, म्हणजे गोंगाट ऐकणारे कान वाढले. आपल्याकडे एआयएस-००४ नावाचं स्टँडर्ड आहे गाड्यांच्या इलेक्ट्रोमॅग्नेटिक गोंगाटासाठी, कंपनी गाडी पास करून घेते ती ठरलेल्या प्लग-कॅपसकट, गॅरेजमध्ये बदललेल्या प्लगसकट नाही.

जुन्या गाड्यांचं वेगळं. पॉइंट-कंडेन्सरवाली (यांत्रिक स्विचवर ठिणगी देणारी) बुलेट, जावा, येझदी, यांच्यात गोंधळायला इलेक्ट्रॉनिक्सच नाही, तिथे मायकोचा साधा प्लग चालायचा आणि आजही चालतो. (मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं तरी दुकानात "मायको द्या" म्हणणारे अजून भेटतात.) त्यात आर-वाला टाकलात तरी काही बिघडत नाही. सीडीआयवाल्या (कपॅसिटरमध्ये साठवलेला चार्ज एकदम सोडून ठिणगी देणाऱ्या) जुन्या गाड्यांत, आरएक्स १०० वगैरे, कंपनीने जे कॉम्बिनेशन दिलंय तेच ठेवा. सीडीआयची ठिणगी जोरदार पण फार थोडा वेळ टिकणारी असते, त्यामुळे तिथे रेझिस्टन्स भलताच वाढला तर मिसिंग लवकर कळतं.

आणि रेझिस्टन्स "भलताच वाढणं" ही खरी भानगड आहे, जिच्याकडे कोणी बघत नाही. प्लगमधला रेझिस्टर काचेच्या सीलमध्ये पक्का असतो, तो सहसा जात नाही. जाते ती कॅप. मल्टिमीटर २० के रेंजवर ठेवा, कॅप वायरीवरून फिरवून काढा (ती स्क्रूने बसलेली असते, ओढू नका), एक प्रोब आतल्या पितळी स्क्रूला, दुसरा प्लग बसतो त्या क्लिपला. पाच किलोओहमच्या कॅपला साडेचार ते साडेपाच आलं तर झकास. १५-२० आलं किंवा प्रोब हलवल्यावर आकडा नाचला तर कॅप फेका, स्वस्त वस्तू आहे, जपून ठेवण्यात अर्थ नाही. काही कॅप थंड असताना बरोबर दाखवतात आणि गरम झाल्यावर आतला जोड तुटतो, म्हणून गाडी तापल्यावरच मिसिंग करत असेल तर हेअर ड्रायरने गरम करून पुन्हा मोजा.

कॅप काढलीच आहे तर वायरीचं टोक बघा. तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या झाल्या असतील तर पाच-सहा मिलिमीटर टोक सरळ कापा आणि चकचकीत तांब्यात कॅप पुन्हा फिरवून बसवा. कोकणात, घाटमाथ्यावर पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्यांनी तर हे जूनच्या आधीच करावं, रबर सील फाटलं की पाणी आत शिरतं आणि गाडी धुतल्यावर किंवा पहिल्या पावसात फटफट करत मरते. प्लगच्या डोक्यावरचं छोटं नटही हाताने ढिलं आहे का बघा, ढिलं असेल तर तिथेच आत ठिणग्या पडत राहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे गळती, इथे रेझिस्टन्स वाढल्याने नाही, तर जिथे तो भरपूर हवा तिथे कमी झाल्याने ठिणगी मरते. मधल्या इलेक्ट्रोडपासून प्लगच्या लोखंडी बॉडीपर्यंत मीटरने काहीच दाखवायला नको, पूर्ण ओपन. सिरॅमिकच्या नाकावर कार्बन बसला की तिथून वाट तयार होते, काही मेगओहम जरी दिसले तरी कॉइल चढवतेय तो दाब ठिणगी उडायच्या आधीच गळून जातो. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चोक लावून चालवलेल्या गाड्या आणि तेल जास्त पडणाऱ्या टू-स्ट्रोक यांचं हेच होतं, आणि मालक बिचारा कॉइल, सीडीआय बदलत बसतो.

स्पार्क बाहेर काढून बघताना प्लगची बॉडी हेडला नीट टेकवून धरा. अधांतरी धरलात तर दाबाला जायला वाट नसते, तो कॉइलच्या इन्सुलेशनमधून किंवा सीडीआयमधून वाट काढतो. आणि बाहेर निळी ठिणगी दिसली म्हणजे आत पडतेच असं नाही, कॉम्प्रेशनखाली तोच गॅप ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं.

कोड वाचायला शिका. एनजीकेमध्ये सीआर८ई असेल तर सी म्हणजे १० मिमी आटे, आर म्हणजे रेझिस्टर, ८ हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो), ई म्हणजे आट्यांची १९ मिमी लांबी. सी७एचएसए आणि सीआर७एचएसए यात फरक फक्त त्या "आर"चा. एनजीकेत आकडा मोठा तर प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलट, त्यामुळे एका ब्रँडचा आकडा दुसऱ्यात शोधू नका, क्रॉस रेफरन्स चार्ट बघा. नकली प्लग बाजारात भरपूर आहेत, छापलंय "आर" आणि मोजलं तर शून्य ओहम असाही माल माझ्या हातात आलाय. म्हणून दुकानातून घेतल्यावर वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मोजाच, ३ ते ७.५ किलोओहमच्या मध्ये यायला हवं.

तर तुम्ही आधी प्लग बदला, गॅप मॅन्युअलप्रमाणे बघा, कॅप आणि वायरीचं टोक तपासा. चेक लाइटचा जुना कोड ईसीयूत राहिलेला असेल तर सर्व्हिस सेंटरला स्कॅनरने क्लिअर करून घ्या. तरीही मीटर फडफडला तर बॅटरीचं टर्मिनल आणि चेसिसची अर्थिंग ढिली आहे का ते बघा, आणि इथे कॅपचं रीडिंग टाका, गाडी गरम असतानाचं.