उत्तर: वडील शांतिसेनेत श्रीलंकेला होते, जखमेची नोंद आहे, तरी वॉर इंज्युरी पेन्शन नाही

दादा, तुमच्या पोस्टमधलं ते वाक्य, "श्रीलंका म्हणजे युद्ध नव्हतं, शांतिसेना होती, वॉर इंज्युरी कुठून मिळणार", हे आमच्या अण्णांनाही, म्हणजे माझ्या वडिलांना, ऐकवलं गेलंय, जवळजवळ ह्याच शब्दांत, म्हणून लिहायला बसले. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, एक वडिलांचं वॉर इंज्युरी पेन्शन, म्हणजे लढाईत जखमी झालेल्यांचं जास्तीचं पेन्शन, आणि दुसरं काकांशी झालेला वाद, की श्रीलंकेत फौज पाठवायच्या राजीव गांधींच्या त्या निर्णयाने जवानांची वाट लागली का हे नुसतं राजकारण आहे. माझ्या मते दोन्हीचं मूळ एकच. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) म्हणजे काय, स्पर्शवर (फौजी पेन्शनची वेबसाइट) लॉगिन कसं करायचं हे तुम्हाला येत असणार, ते सोडते. आणि मी वकील नाही, फौजी नाही, विश्रांतवाडीत राहणारी एका हवालदाराची मुलगी आहे, तेव्हा शेवटचं काय ते जाणकाराकडून तपासून घ्या.

काकांचं आधी. 29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने ह्यांनी तिथलं सिंहली-तमिळ भांडण मिटवायला करार केला आणि फौज लगेच उतरली. दुसऱ्याच दिवशी सलामी देणाऱ्या रांगेतल्या एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला, म्हणजे तिथल्या सिंहली लोकांना हे किती मान्य होतं ते तिथेच दिसलं. वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांची (एलटीटीई) तर करारावर सहीच नव्हती, आणि त्यांना आधी ट्रेनिंग आपल्याच लोकांनी दिलेलं. फौजेचं काम काय, तर श्रीलंकेचं सरकार आणि वाघ ह्यांच्या मध्ये उभं राहायचं आणि शस्त्रं जमा करून घ्यायची. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाफन्याजवळ पलालीला पकडून ठेवलेल्या वाघांनी सायनाईड खाल्लं, आणि आठवड्याभरात तीच फौज जाफन्यावर चालून गेली, ऑपरेशन पवन. ऑगस्टमध्ये ज्यांच्याशी हस्तांदोलन केलं त्यांच्यावर ऑक्टोबरमध्ये गोळी चालवायची, आणि त्यासाठी लागणारी माणसं, माहिती, हत्यारं ह्यांची तयारी शांतता राखायच्या हिशेबाने केलेली. जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाईट इन्फंट्रीच्या 30 जणांतले 29 गेले. अण्णा सांगतात, आमच्या हातात एक एक गोळी मारणारी एसएलआर रायफल आणि समोर पोरसवदा मुलांच्या हातात एके 47. पुढे आपल्याकडेही एके आल्या म्हणा, पण पुढे.

मग 1989 ला प्रेमदासा श्रीलंकेचे अध्यक्ष झाले, त्यांनी ह्या फौजेला निघा म्हणून सांगितलं आणि वर वाघांना शस्त्रं पुरवली, आपल्याच जवानांच्या विरोधात. दिल्लीत वर्षअखेरीस सरकार बदललं, व्ही. पी. सिंगांनी फौज परत बोलावली, शेवटचे जवान 24 मार्च 1990 ला निघाले. साडेअकराशेच्या वर माणसं तिथे राहिली. मद्रासला जहाज लागलं तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. आपल्या ह्या जवानांचं एक मोठं स्मारक आज कोलंबोशेजारी कोट्टेला आहे, श्रीलंकेनेच बांधलेलं!

आता ह्यावर मी राजीव गांधी वाईट असं म्हणणार नाही, कारण त्याच सरकारने नोव्हेंबर 1988 मध्ये मालदीवला आग्र्याहून पॅराट्रूपर पाठवले, तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी बोलावलेलं, काम एकच होतं, बंड मोडायचं, आणि ते काही तासांत झालंसुद्धा. 1971 ला इंदिरा गांधींनी ऑगस्टमध्ये रशियाशी करार करून ठेवला, माणेकशॉंना तयारीला वेळ मिळाला, लढाई डिसेंबरात झाली. आणि काकांना 2003 पण आठवून द्या, अमेरिकेने इराकमध्ये आपली फौज मागितली होती, मोठी तुकडी, वाजपेयी सरकारने जुलैमध्ये युनोचा स्पष्ट आदेश नाही म्हणून नकार दिला. त्या नकाराचा कुणी पुतळा उभारत नाही, पण किती घरं वाचली असतील ह्याचा मी तरी विचार करते. तेव्हा पक्षाचं सोडा. काम काय आणि कधी संपलं म्हणायचं हे वरच्याने न ठरवता माणसं पाठवली की त्याचा भुर्दंड खालचा भरतो, आधी तिथे आणि मग इथे खिडकीवर.

खिडकीचं सांगते, कारण आमचं खरं नुकसान तिथे झालं.

अण्णांना 1988 मध्ये उत्तर श्रीलंकेत वावुनियाच्या बाजूला सुरुंगाचे छर्रे लागले, डावा पाय. आधी मद्रास, मग पुण्यात कमांड हॉस्पिटल. लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीमुळे खालच्या श्रेणीत, नोकरी पूर्ण करून 1998 ला घरी आले, अपंगत्व 40 टक्के, पेन्शन लागलं साध्या डिसॅबिलिटीचं. कारण रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीच्या, कागदावर जखम कुठे झाली ह्या रकान्यात नुसतं 'फील्ड' लिहिलेलं, ऑपरेशन पवन नाही, बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत जखमी) नाही. ज्या मोहिमेचं नाव घ्यायला परत आल्यावर कुणी फारसं तयार नव्हतं तिचे कागद कुणी निगुतीने लावले असतील अशी अपेक्षाच चूक.

एक कार्यालय आहे, नाव नाही घेत, उगाच इथे भांडण नको. तिथे अण्णा दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून, प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक (फौजेतल्या नोकरीची नोंदवही) घेऊन जायचे. खिडकीतला मुलगा, माझ्यापेक्षा लहान, पुस्तकाची दोन पानं उलटायचा आणि म्हणायचा, "बाबा, ह्यात ऑपरेशनचं नावच नाही, काही होणार नाही." अण्णा "जी साब" म्हणून वळायचे. अर्ज घ्यायचाच नाही, म्हणजे नाकारायचा पण प्रश्न नाही! अशी वर्षं गेली हो. पुढे मी त्यांच्याबरोबर गेले तर मला सांगितलं, पुढच्या महिन्यात या, साहेब बदलणार आहेत. नवे साहेब आले, त्यांनी तेच सांगितलं, फक्त बसायला खुर्ची दिली.

ह्याची किंमत काय ते नीट वाचा. आम्ही शेवटी आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या (फौजींच्या नोकरी-पेन्शनचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) मुंबई बेंचला गेलो, निकाल आमच्या बाजूने लागला, पण थकबाकी मिळाली अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या फक्त तीन वर्षांची. सुप्रीम कोर्टाचा 2008 चा तरसेम सिंग निकाल आहे, उशिरा आलात तर हक्क मिळतो, मागचे पैसे साधारण तीन वर्षांपुरतेच. म्हणजे खिडकीवर तोंडी ऐकून घेतलेलं प्रत्येक वर्ष पाण्यात. फरक किती, तर 100 टक्के अपंगत्वाला साधं डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) शेवटच्या पगाराच्या 30 टक्के आणि वॉर इंज्युरी एलिमेंट 60 टक्के, सर्व्हिस पूर्ण करून निवृत्त झालेल्यांसाठी, सरळ दुप्पट. आणि 40 टक्के असेल तर ते 50 धरायचं, हे सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या राम अवतार निकालाने सर्व्हिस पूर्ण केलेल्यांनाही मिळतं.

म्हणून तोंडी उत्तर घेऊन घरी यायचं नाही. अर्ज स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, आणि प्रत स्वतःकडे. उत्तर आलं तर लेखी नकार हातात, सहा महिने नाही आलं तर तोच मुद्दा पकडून ट्रिब्युनलला जाता येतं. अर्जात संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या पत्राचा हवाला द्या, त्यात कॅटेगरी ई मध्ये परदेशातल्या शांतिसेनेच्या तैनातीतली कारवाई स्पष्ट लिहिलीय, 1 जानेवारी 1996 नंतर निवृत्त झालेल्यांना लागू. तुमचे वडील त्याआधीचे असतील तर हिशेब वेगळा, वकिलाला विचारा. 2023 चे नवे नियम हल्ली निवृत्त होणाऱ्यांसाठी आहेत, कुणी ते तुमच्या अंगावर फेकले तर घाबरू नका.

पुरावा कुठून आणायचा? आम्हाला तीन ठिकाणी सापडला आणि त्यातलं एक घरातच होतं. डिस्चार्ज बुकमध्ये मेडलच्या पानावर 'वूंड मेडल' अशी पुसट निळ्या शाईतली नोंद होती, इतकी वर्षं पुस्तक उलटणाऱ्या एकाही माणसाने ते पान वाचलं नव्हतं. त्याच्याच खाली श्रीलंकेतल्या सेवेच्या मेडलची नोंद. बाकी हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, आणि आरटीआयने रेकॉर्ड ऑफिसकडून मागवलेली पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदी ज्यात होतात तो युनिटचा आदेश) आणि इंज्युरी रिपोर्टची प्रमाणित प्रत. आरटीआयमध्ये 'माहिती द्या' असं मोघम लिहू नका, कागदाचं नाव आणि साल लिहा, नाहीतर 'उपलब्ध नाही' येतं.

आणि कुणी परत म्हणालं की युद्ध नव्हतं, तर शांतपणे विचारा की मग 8 महारच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन ह्यांना 25 नोव्हेंबर 1987 च्या त्या चकमकीसाठी मरणोत्तर परमवीर चक्र कशाला दिलं. आम्ही हे विचारलं तेव्हा समोरचा काही बोलला नाही, पण अर्ज घेतला.

बाकी किरकोळ. आईचं नाव डिस्चार्ज बुकमध्ये आणि आधारवर एकसारखं आहे का बघा, आमच्याकडे एकीकडे 'शकू' आणि दुसरीकडे 'शकुंतला' होतं. वडील आहेत तोवर दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर करून घ्या, नंतर फॅमिली पेन्शनला फार छळतात. हयातीचा दाखला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच उरका. एजंट नको, टक्केवारी मागणारे खडकीपासून भोसरीपर्यंत भेटतील. वडिलांना प्रत्येक वेळी रांगेत नेऊ नका, अधिकारपत्र करून घ्या, आणि ते तिथलं काही सांगत असतील तर फोनवर रेकॉर्ड करा, गाव, महिना, युनिट, बरोबर कोण होतं, कारण बरोबरच्या एखाद्या जवानाचं प्रतिज्ञापत्र लागलं तर नाव त्यांच्याच आठवणीत आहे.

आणि दादा, तुम्ही जो फोटो टाकलाय त्यात पीपीओ नंबर आणि बँक खातं दोन्ही स्वच्छ दिसतंय, तो आधी काढा, झाकून परत टाका, मग बघून सांगते कुठलं पान कमी आहे.