हुमणीच्या मागे म्युनिकला येण्यापूर्वी

आपण विचारले आहे की, कोल्हापूर-सांगली भागातील हुमणीच्या, म्हणजे उसाची मुळे खाणाऱ्या अळीच्या, भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणावर पीएच.डी. करण्यासाठी म्युनिकला यावे का, सैद्धांतिक भौतिकीत काम करणाऱ्या आपल्या पतींना याच शहरात टिकता येईल का, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या शाळेचे काय होईल. व्हिसा, आरोग्यविमा आणि भाड्याच्या घराविषयी मी लिहीत नाही, कारण ती माहिती वकिलातीच्या संकेतस्थळावर मिळते. मी स्वतः भुंगेऱ्यांवर काम करते, माझे पती भौतिकीतले आहेत आणि आमची मुलगीही साधारण याच वयाची असताना इथे आली, त्यामुळे आपला प्रश्न वाचल्यापासून जे मनात घोळते आहे तेच लिहिते.

येण्याचे सबळ कारण एकच आहे: किडे आपल्या शिवारात आहेत, पण त्यांची नावे युरोपात आहेत. वळवाच्या पावसानंतर कडुनिंबावर आणि बाभळीवर जमणारे जे भुंगेरे आपले शेतकरी रात्री फांद्या हलवून गोळा करतात, त्यांतील होलोट्रिकिया सेराटा या जातीला फाब्रिसिउस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७८१ मध्ये नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रेन्स्के या जर्मन अभ्यासकाने या कुळातील पुष्कळ आशियाई जातींची वर्णने केली आणि त्याचा नमुन्यांचा संग्रह बर्लिनला आहे; म्युनिकच्या गेओर्ग फ्रायने जमवलेला अवाढव्य संग्रह आता स्वित्झर्लंडमध्ये बेसलला आहे; उरलेले लंडन आणि पॅरिसमध्ये विखुरलेले आहे. त्या काळची वर्णने अनेकदा चार-सहा ओळींची असतात, आणि तपकिरी, चकचकीत, बारीक खळग्यांचा अशा वर्णनात आपल्याकडच्या कितीतरी जाती एकाच वेळी बसतात. त्यांचा निवाडा बहुधा नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरच होतो, आणि मूळ नमुन्याचे, म्हणजे ज्या किड्यावरून जातीला नाव दिले त्याचे, ते इंद्रिय शंभर वर्षांत कोणी सोडवून पाहिलेच नसेल तर छायाचित्र मागवून काहीही साधत नाही. तिथे जाऊन, परवानगी घेऊन, तोच किडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. भुंगेऱ्यांच्या आजवर नाव दिलेल्या जाती सुमारे ४ लाख आहेत आणि त्यांतील किती नावे दुबार आहेत हे असेच एकेक नमुना काढून ठरते. म्युनिकच्या प्राणिनमुन्यांच्या संग्रहाच्या जमिनीखालच्या दालनांत मला जे समाधान मिळाले, ते मला इतरत्र मिळाले नसते, हे मी आजही म्हणेन.

आपल्या पतींची गोष्ट निराळी आहे. १९९१ मध्ये आर्काइव्ह, म्हणजे निबंध छापून येण्यापूर्वीच सर्वांना खुले करणारे भांडार, सुरू झाल्यापासून सैद्धांतिक भौतिकीचा नवा निबंध पुण्यात आणि म्युनिकमध्ये एकाच दिवशी वाचता येतो, त्यामुळे त्यांना संग्रहाची गरज नाही. त्यांना लागते ती पक्की नोकरी, आणि इथे नेमकी तीच दुर्मीळ आहे. २००७ च्या जर्मन कायद्यानुसार विद्यापीठाला संशोधकाला पीएच.डी.पूर्वी ६ आणि नंतर ६ वर्षे मुदतीच्या करारावर ठेवता येते, मुलामागे २ वर्षे वाढू शकतात, आणि त्यानंतर बाहेरच्या निधीचा प्रकल्प मिळाला नाही तर बहुतेकांना बाहेर पडावे लागते. सरकारने हा कायदा समजावण्यासाठी केलेल्या चित्रफितीत हाना नावाची एक काल्पनिक जीवशास्त्रज्ञ होती. एकाच पिढीने जागा अडवून धरू नयेत, हा त्यातला युक्तिवाद ऐकून २०२१ मध्ये हजारो संशोधकांनी ‘मीच हाना’ असे लिहिले. माझे पती आता एका विमा कंपनीत जोखमीचे गणित करतात. पगार उत्तम आहे, आणि रात्री जेवणानंतर ते अजूनही आर्काइव्ह उघडतात. आम्ही माझ्या किड्यांसाठी इथे आलो. पुण्यात राहिलो असतो तर त्यांची भौतिकी टिकली असती का, हा हिशेब आमच्या घरात कधीच मांडला गेलेला नाही, आणि आपल्या घरात तो निघण्यापूर्वी मांडला जावा असे मला मनापासून वाटते.

कागदपत्रांत मला सर्वांत जास्त छळले ते माझ्याच नावाने. पदव्यांवर माहेरचे आडनाव आणि मधे वडिलांचे नाव, पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि मधे पतीचे नाव. इथल्या एका कचेरीने या दोन वेगळ्या स्त्रिया ठरवल्या, आणि एका पत्रात तर वडिलांचे नाव माझे म्हणून मला ‘श्रीयुत’ केले. आपले नाव लग्नानंतर बदलले असेल तर राजपत्रातील नोंद आणि विवाह प्रमाणपत्र अधिकृत भाषांतरासह जवळ ठेवावे.

एकटेपणाविषयीही आपण विचारले आहे. मराठी माणसे आहेत, गणपती बसतो, नोव्हेंबर वाईट जातो. एवढेच.

शाळेविषयी मात्र मला थोडक्यात लिहिता येणार नाही. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बायर्नमध्ये चौथीच्या अखेरीस, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय या तिन्हींच्या श्रेणींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर मूल गिम्नाझियमला, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाते. इथे १ ही सर्वोत्तम श्रेणी. आमच्या मुलीचे गणित उत्कृष्ट होते, पण परिसर अभ्यासाच्या उत्तरपत्रिकाही शेवटी जर्मनच्याच परीक्षा असतात. बाईंनी आम्हांला बोलावून, घरी जर्मन बोलत जा, असे अगदी सौजन्याने सांगितले आणि रेआलशूलेची, म्हणजे थेट विद्यापीठाकडे न नेणाऱ्या मधल्या शाळेची, शिफारस केली. जे मूल पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हते आणि ज्याच्या श्रेणी केवळ भाषेमुळे घसरल्या आहेत, त्याच्यासाठी ३.३३ पर्यंत सवलत देण्याची तरतूद नियमात आहे, हे त्यांनी सांगितले नाही; आम्हांला ते दोन वर्षांनी एका तुर्की शेजारणीकडून कळले. मुलगी आज आनंदात आहे आणि तिला याचे काही वाटत नाही. मला वाटते, अजूनही.

म्हणून आपल्याला घाई नसेल तर पुढचा वळीव कोल्हापुरातच काढावा. आत्ता आपण भारतात राहणाऱ्या नागरिक आहात. एकदा अनिवासी झालात की २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार संशोधनासाठी मामाच्या उसातली हुमणी घ्यायलाही चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. तेव्हा नमुने आत्ताच गोळा करावेत, नरांचे विच्छेदन करून छायाचित्रे घ्यावीत, आणि प्रत्येक किड्याच्या चिठ्ठीवर गाव, तारीख आणि झाड लिहावे. नमुने भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या आकुर्डी केंद्रात जमा करता येतील का, याची चौकशीही निघण्यापूर्वीच करावी. मुलीला मात्र आजपासूनच जर्मन शिकायला लावावे, आणि इथल्या शाळेतील पहिल्याच भेटीत ३.३३ ची ती तरतूद तिला लागू होईल का, हे लेखी विचारावे.