वाचकांचे प्रश्न : होंडा एस२००० पुन्हा यावी का?

प्रश्न : मी मशीनशॉपमध्ये काम करतो. होंडाने २००९ मध्ये बंद केलेली एस२००० ही उघड्या छताची स्पोर्ट्स कार नव्या रूपात यावी, अशी मागणी तिचे चाहते आजही करतात. ही मागणी रास्त आहे, की केवळ जुन्याची ओढ आहे?
– एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : ही गाडी परत यावी असे मला मनापासून वाटते. मात्र ज्या गोष्टीमुळे तिचे नाव झाले ती सोबत येणार नसेल, तर नुसते नाव परत आणू नये, असेही तितक्याच ठामपणे वाटते. ती गोष्ट म्हणजे तिचे इंजिन.

१९९५ च्या टोकियो मोटार शोमध्ये होंडाने एसएसएम नावाची नमुना गाडी मांडली होती. तिच्यातूनच घडलेली एस२००० कंपनीच्या पन्नाशीच्या निमित्ताने १९९९ मध्ये विक्रीला आली. १९९७ सीसीचे, चार सिलिंडरचे आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले तिचे इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जात असे. जपानी आवृत्तीत ते ८३०० फेऱ्यांना २५० अश्वशक्ती देई, म्हणजे लिटरमागे १२५. टर्बोविना इतकी शक्ती देणारे इंजिन त्या काळी सर्वसामान्य विक्रीच्या गाडीत मिळत नव्हते.

उद्यमबागेत क्रँकशाफ्टला (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याला) डायल गेज लावून रनआउट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, तपासणाऱ्या माणसाला ९००० या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको, तरीही थोडा हिशेब मांडतो. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर, ८४ मिलिमीटर आहे. प्रत्येक फेरीत पिस्टन हे अंतर दोनदा कापतो, म्हणजे ९००० फेऱ्यांना त्याची सरासरी गती सेकंदाला २५ मीटरच्या वर जाते, आणि दर टोकाला थांबून त्याला उलट फिरावे लागते. या थांबण्या-फिरण्याने कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ६००० वरून ९००० वर जाताना तो दीडपट न होता सव्वादोन पट होतो. शर्यतीचे इंजिन काही तास टिकले तरी भागते. होंडाने मात्र असे इंजिन रोज कामावर जाणाऱ्या माणसाच्या हाती दिले. त्यासाठी फोर्ज केलेले पिस्टन घातले आणि ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बिडाच्या लाइनरऐवजी (सिलिंडरच्या आतल्या अस्तराऐवजी) तंतूंनी बळकट केलेल्या धातूच्या भिंती वापरल्या. अशा बोअरचे (सिलिंडरच्या भोकाचे) होनिंग, म्हणजे आतून घासून नेमके गुळगुळीत करणे, आपल्या नेहमीच्या दगडांनी आणि नेहमीच्या सवयीने करता येत नाही. सुमारे ६००० फेऱ्यांवर होंडाची व्हीटेक यंत्रणा झडपा उघडणाऱ्या कॅमची दुसरी, अधिक उंच बाजू कामाला लावते, आणि तोवर शांत वाटणाऱ्या इंजिनाचा आवाज आणि ओढ दोन्ही पालटतात.

या इंजिनाला शोभेल अशीच बाकीची गाडी होती. इंजिन पुढच्या आसाच्या मागे सरकवलेले असल्याने वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मे-निम्मे पडत होते; चालना मागच्या चाकांना होती; गिअरबॉक्स सहा गिअरचा आणि हाताने बदलण्याचाच होता, ऑटोमॅटिकचा पर्याय कधी दिलाच नाही. पुढे काही बाजारांसाठी इंजिन २.२ लिटरचे झाले, खालच्या फेऱ्यांवरची ओढ वाढली आणि वरची मर्यादा सुमारे हजार फेऱ्यांनी खाली आली. शहरात चालवायला ते सोयीचे ठरले असेल, पण माझी पसंती पहिल्यालाच आहे.

सुमारे एक लाख दहा हजार गाड्या बनल्यावर उत्पादन थांबले. २००८ च्या मंदीत होंडाने फॉर्म्युला वन सोडले आणि एनएसएक्स या आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या नियोजित वारसदाराचे कामही गुंडाळले, तेव्हा वर्षागणिक विक्री घटत चाललेली दोन आसनी गाडी वाचणे कठीणच होते. ती बंद पडली यात तिच्या बांधणीचा दोष शोधू नये.

आता पुनरागमनाचे पाहू. होंडाने स्वतःच्या एका जुन्या नावाला नवा जन्म दिल्याचे उदाहरण समोर आहे. पहिली एनएसएक्स १९९० ते २००५ पर्यंत चालली आणि अठरा हजारांहून अधिक बनली. २०१६ मध्ये तेच नाव टर्बो व्ही-सिक्स (सहा सिलिंडरचे) इंजिन आणि तीन विद्युत मोटरी घेऊन परतले. तंत्र म्हणून ती गाडी थोर होती, परंतु पहिलीचा साधेपणा आणि हलकेपणा तिच्यात नव्हता; २०२२ मध्ये ती बंद झाली तेव्हा तीन हजारही बनल्या नव्हत्या. फियाटने १२४ स्पायडर हे १९६६ चे नाव ५० वर्षांनी माझदाच्या सांगाड्यावर बसवले, तेही चार-पाच वर्षांत ओसरले. याउलट माझदाची एमएक्स-५ १९८९ पासून कधी बंदच झाली नाही, २०१६ मध्ये तिने दहा लाखांचा टप्पा गाठला, आणि २०१५ पासूनची चौथी पिढीही टनाच्या आसपासच आहे. हलकी, साधी, हाताने गिअर बदलायची उघडी गाडी आजही विकली जाते, याचा एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

खरी अडचण कारखान्यात आहे. होंडाकडे आज सिव्हिक टाइप-आरचे दोन लिटरचे उत्तम टर्बो इंजिन आणि सहा गिअरचा उत्तम गिअरबॉक्स आहे, पण ही जोडी गाडीत आडवी बसते आणि पुढची चाके फिरवते. एस२००० साठी ती उभी बसवायची तर गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग), सांगाडा सारे नव्याने करावे लागेल, आणि तो खर्च वाटून घ्यायला मागच्या चाकांवर चालणारी दुसरी छोटी गाडी होंडाकडे नाही. त्यामुळे भागीदार शोधावा, असे माझे मत आहे. टोयोटा आणि बीएमडब्ल्यू यांनी सुप्रा आणि झेड-४ एकाच सांगाड्यावर उभ्या केल्या, टोयोटा आणि सुबारू यांनीही तसेच केले. सांगाडा भागीदारीत घेतला तरी चालेल. इंजिन मात्र होंडाचे स्वतःचे, वरपर्यंत फिरणारे हवे. प्रदूषणाच्या आजच्या नियमांत ९००० फेऱ्या जमल्या नाहीत, तर ८००० वर मी समाधान मानीन. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची सक्ती असेल तर नाही. २०२५ मध्ये प्रिल्यूड हे होंडाचे जुने नाव हायब्रिड कूपे (पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी, बंद छताची दोन दारांची गाडी) म्हणून, मॅन्युअल गिअरविना परतले, म्हणून ही अट मुद्दाम लिहितो.

प्रश्न : नवी एस२००० विजेवर चालणारी केली तर सारेच प्रश्न मिटणार नाहीत का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : प्रदूषणाचा प्रश्न मिटेल, वजनाचा वाढेल. एमजीची सायबरस्टर ही विजेवरची उघडी दोन आसनी गाडी २०२५ मध्ये भारतात आली. ताकद पाचशे अश्वशक्तीच्या पुढे, किंमत पाऊण कोटीच्या घरात, आणि वजन जवळजवळ दोन टन. एस२००० साडेबाराशे किलोच्या आसपास होती. सरळ रस्त्यावर सायबरस्टर तिला सहज मागे टाकेल, पण घाटातल्या वळणावर, ब्रेक सोडून चाके वळवतानाच्या क्षणी, ते सात-आठशे किलो चालवणाऱ्याच्या हाताला जाणवल्याशिवाय राहत नाहीत. बॅटरी बरीच हलकी होईपर्यंत हे नाव विजेच्या गाडीला देऊ नये.

प्रश्न : गाडी परत आली तरी जांबोटी-कणकुंबीच्या पावसात कापडी छत टिकेल का? आणि तोवर जुनी एस२००० मागवता येईल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : जुनी मागवण्याचा विचार सोडून द्यावा. ही गाडी भारतात कंपनीने अधिकृतपणे कधी विकली नाही, आणि आपल्या आयात नियमांनुसार वापरलेली मोटार तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

छताची काळजी मात्र रास्त आहे. एस२००० चे छत विजेवर सुमारे सहा सेकंदांत मिटत असे. सुरुवातीला मागची काच प्लॅस्टिकची होती; ती धुरकट होऊन घडीवर तडकत असे, म्हणून पुढे खरी काच आणि ती तापवणारी तार आली. कापडापेक्षा घात करतात ती छताच्या कडेची पाणी वाहून नेणारी छिद्रे. चोर्ला घाटाच्या वाटेवर गाडी झाडाखाली उभी राहिली की पाने कुजून ती बुजतात आणि पाणी आसनांमागे साचते. पुनरागमनाची जी गाडी असेल तिला ही छिद्रे मोठी आणि हात पोहोचेल अशा जागी असावीत, आणि जुनीला मिळत असे तसे वेगळे कडक छतही विकत मिळावे. जून ते सप्टेंबर ते बसवून ठेवायचे, ऑक्टोबरात काढायचे. जवळ आज कोणतीही उघड्या छताची गाडी असेल, तर मृग लागण्यापूर्वी ही छिद्रे मऊ नायलॉनच्या तारेने साफ करावीत. दाबाची हवा मारू नये, आतली नळी जोडातून निसटते.